स्प्रिंग गेली कुठे?

खटक्याचे बॉलपेन उघडताना आतली स्प्रिंग टुणकन उडाली आणि मग सापडलीच नाही, हा अनुभव नसलेला विद्यार्थी वर्गात शोधूनही मिळणार नाही. पेनाच्या बाबतीत नुकसान किरकोळ असते. घड्याळजीकडे हाच प्रकार घडला तर तो दुपारभर जमिनीवर रांगत बसतो. पण या फजितीचा सगळ्यात गंभीर प्रकार पाहायचा असेल, तर पिस्तूल साफ करणाऱ्याकडे पाहावे लागेल. तेथे अर्ध्या ग्रॅमचा तुकडा हरवला की किलोभर वजनाचे यंत्र निकामी होते. क्वचित त्याहून वाईट म्हणजे, ते निकामी झालेले कळतच नाही.

हे तुकडे उडतातच का, उडाल्यावर दिसत का नाहीत, आणि शोधायचे कसे, हे प्रश्न आपण थोडे मुळापासून पाहू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही. आणि प्रयोगासाठी पिस्तुलाची मुळीच गरज नाही, दोन-पाच रुपयांचे पेन पुरते.

उदाहरण म्हणून एक प्रसिद्ध पिस्तूल घेऊ. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने आखलेले ०.४५ इंची पिस्तूल अमेरिकेच्या सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. सालावरूनच त्याला '१९११' म्हणतात. १९८५ पर्यंत ते तेथील सैन्याचे ठरावीक पिस्तूल होते. म्हणजे सैनिकांच्या काही पिढ्यांनी ते उघडले, पुसले आणि पुन्हा जोडले.

उघडावे का लागते? दारू जळाल्यावर काजळी उरते हे एक कारण. दुसरे कारण रसायनाचे आहे. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की तिच्यातला मसाला पेटतो. जुन्या काळी या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. हे क्षार आपल्या मिठाचे भावंडच. ते हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलाव्यात पोलाद झपाट्याने गंजते. त्यामुळे गोळीबार झाला की त्याच दिवशी सफाई, असा दंडकच होता.

आता उघडण्याची रीत पाहू. आधी काडतुसांचा खाना काढून, नळीत काडतूस नाही याची खात्री करायची. हे नेहमी पहिले काम. या पिस्तुलात नळीवर पोलादाचे एक लांबट आवरण असते, त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर टाकते आणि नळीखाली बसवलेल्या लांब स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येते. स्प्रिंगच्या पुढच्या टोकावर वाटीच्या आकाराचे एक छोटे बूच असते. नळीच्या तोंडाभोवतीची कडी या बुचाला अडवून धरते. बूच अंगठ्याने आत दाबायचे, कडी फिरवायची, आणि मग अंगठा हळूहळू सैल करत बूच बाहेर येऊ द्यायचे. 'हळूहळू' या शब्दात सगळे आले. कारण त्या क्षणी बुचाला अडवणारे जगात दुसरे काहीही नसते, फक्त एक तेलकट अंगठा असतो.

अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये ऊर्जा किती असते ते मोजू. पेनाची स्प्रिंग खिळ्याला अडकवून खाली वजने टांगा. दाबण्याऐवजी ताणणे सोपे जाते, आणि थोड्या अंतरापर्यंत दोन्हींचा स्थिरांक तोच असतो. समजा १०० ग्रॅम वजनाने स्प्रिंग ४ मिलिमीटर लांबली. २०० ग्रॅमने ८ मिलिमीटर लांबायला हवी. हाच हुकचा नियम. (रॉबर्ट हुकने हा नियम १६७६ साली अक्षरांचे कोडे करून छापला आणि दोन वर्षांनी स्वतःच कोडे सोडवून दाखवले. शोध आपल्या नावावर राहावा, पण प्रतिस्पर्ध्यांना कळू नये, अशी त्या काळची ही युक्ती.)

१०० ग्रॅम म्हणजे सुमारे १ न्यूटन बल. मग १२ मिलिमीटर दाबायला ३ न्यूटन बल लागेल. बल शून्यापासून ३ न्यूटनपर्यंत सारखे वाढत गेले, म्हणून सरासरी दीड न्यूटन धरू. दीड न्यूटन गुणिले ०.०१२ मीटर म्हणजे ०.०१८ ज्यूल. ही ऊर्जा अगदीच क्षुल्लक वाटते. एक किलोचा दगड दोन मिलिमीटर उचलायलासुद्धा एवढी पुरणार नाही.

पण ती मिळते कोणाला, हे महत्त्वाचे आहे. ३ मिलिमीटर जाड आणि ९ मिलिमीटर लांब अशा पोलादी खुंटीचे वजन भरते सुमारे अर्धा ग्रॅम. ०.०१८ ज्यूल ऊर्जा अर्ध्या ग्रॅमला मिळाली तर तिचा वेग येतो सेकंदाला साडेआठ मीटर, म्हणजे तासाला तीस किलोमीटर. सरळ वर उडाली तर साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे छताला लागेल. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून तिरपी उडाली तर जवळजवळ आठ मीटरवर जाऊन पडेल. हवेचा विरोध आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी भरतील. शिवाय स्प्रिंग स्वतःही हलते, तिलाही ऊर्जेतला वाटा लागतो. किती कमी भरतात आणि का, हा वर्गात चर्चेला घेण्यासारखा प्रश्न आहे.

येथे एखादी विद्यार्थिनी हमखास विचारेल : स्प्रिंग तर दोन्हीकडे सारखाच जोर लावते, मग खुंटीच का उडते, पिस्तूल का उडत नाही? प्रश्न चांगला आहे. स्प्रिंग दोघांना सारखा आणि विरुद्ध दिशेचा संवेग देते. पण संवेग सारखा असला, की ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होते. १९११ पिस्तूल भरते १.१ किलो, म्हणजे खुंटीच्या २२०० पट. त्यामुळे ऊर्जेतले २२०० वाटे खुंटीला जातात आणि एक वाटा पिस्तुलाला.

गंमत अशी की पिस्तूल चालते तेही याच हिशेबावर. त्याची गोळी १५ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. दारूच्या वायूंचा संवेग सोडून दिला तर पिस्तुलाला मागे मिळणारा वेग येतो जेमतेम ३.४ मीटर. गोळीची ऊर्जा ४६९ ज्यूल, पिस्तुलाची साडेसहा ज्यूलहूनही कमी. चाप ओढणाऱ्याचा हात शाबूत राहतो तो या वाटणीमुळे. आणि सफाई करणाऱ्याची खुंटी हरवते तीही या वाटणीमुळेच.

डोळा मागे पडतो

उडताना लगेच पकडता येणार नाही का? वेळ काढून पाहू. दाबलेल्या स्थितीतून सुटून स्प्रिंग आपल्या मूळ लांबीवर येईपर्यंतचा काळ म्हणजे तिच्या आंदोलनकाळाचा चौथा भाग. वरच्या आकड्यांनी तो येतो सेकंदाचा सुमारे साडेचारशेवा भाग. एवढ्यात खुंटीचे उड्डाण सुरू होऊन वेग पूर्ण मिळालेला असतो.

माणसाचे काय? एकाने मोजपट्टी उभी धरून सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी, हा प्रयोग अनेक शिक्षक घेतात. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली गेली तर प्रतिसादाचा काळ ०.२ सेकंद. बहुतेकांचा तो याच्या आसपास येतो. म्हणजे 'सुटली!' असे मेंदूला कळून बोट हलेपर्यंत खुंटी पावणेदोन मीटर दूर गेलेली असते. सावधपणा, चपळाई, अनुभव यांपैकी कशाचाही येथे उपयोग नाही. जे करायचे ते सुटण्याआधीच करायला हवे.

दिशा तरी सांगता येईल? तीही कठीणच. एक तर सफाईच्या वेळी बोटांना तेल असते. घर्षण कमी, आणि बोट एकदा घसरू लागले की ते आणखी कमी होते. बोट नेमके कोणत्या बाजूने निसटले त्यावर दिशा ठरते. दुसरे म्हणजे लांब आणि बारीक स्प्रिंग आधाराशिवाय दाबली की मध्येच कमानीसारखी वाकते. स्प्रिंगची लांबी तिच्या जाडीच्या चार-पाच पटींहून जास्त असली की हा धोका सुरू होतो. १९११ पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग सहा इंचांहून लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर जाड आहे! भोकात किंवा दांडीवर आहे तोवर ती सरळ राहते. बाहेर येताच कोणत्या कुशीवर वळेल याचा नेम नाही.

ब्राउनिंगचा वाकडेपणा

हे सगळे आखणी करणाऱ्यांना ठाऊक होते. १९११ पिस्तुलाच्या काही भागांकडे या नजरेने पाहिले की त्यातली हुशारी कळते. मघाच्या बुचाच्या आत ठोकून उठवलेले एक बारीक नाक असते. स्प्रिंगचा शेवटचा वेढा त्यात फिरवून अडकवायचा. मग अंगठा निसटला तरी बूच स्प्रिंगपासून सुटून जात नाही. पिस्तुलाच्या डाव्या बाजूला एक बारीक नळकांडे असते. त्यात एकच स्प्रिंग, आणि तिच्या दोन टोकांना दोन खुंट्या : एक स्लाइड अडवणाऱ्या खिटीला दाबते, दुसरी सुरक्षा-खिटीला. ही स्प्रिंग हातात घेतली तर मध्ये वाकलेली दिसते. पाहणाऱ्याला वाटते खराब झाली, आणि एखादा हौशी माणूस पकडीने ती सरळ करून ठेवतो. खरे तर तो वाक मुद्दाम दिलेला असतो. वाकलेली स्प्रिंग नळकांड्याच्या भिंतींवर घासते, आणि खिटी काढल्यावर खुंट्यांसह भुर्रकन बाहेर पडत नाही. घर्षणाचा इतका स्वस्त उपयोग आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

पुढच्या काळातल्या अनेक पिस्तुलांत मुख्य स्प्रिंग तिच्या दांडीवरच कायमची कोंडलेली असते. ती आधीच काहीशी दाबलेल्या अवस्थेत दोन्ही टोकांना अडकवलेली, म्हणून सगळे मिळून एकच भाग निघतो. ब्राउनिंगने आपल्या शेवटच्या दिवसांत हाती घेतलेले आणि १९२६ मधील त्याच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह यांनी बेल्जियममध्ये १९३५ साली पूर्ण केलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल या दृष्टीने मधल्या टप्प्यावरचे आहे. त्यात पुढचे बूच आणि कडी यांचे प्रकरणच उरले नाही. याच आराखड्याचे पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात भारतीय सेनेसाठी बनत आले आहे.

यंत्र कसेही असो, काम करणाऱ्यांनी आपापले उपाय शोधलेले आहेत. एन.सी.सी.च्या छावणीत ०.२२ रायफलीचे 'खोलना-जोडना' शिकलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. आधी जमिनीवर कापड पसरायचे, भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ओळीत मांडायचे, आणि उलट्या क्रमाने जोडत यायचे. ओळीत एखादी जागा मोकळी दिसली की काय नाही ते लगेच कळते. कापडाचा दुसरा गुण मुलांच्या लक्षात येत नाही. शहाबादी फरशीवर पोलादी खुंटी चार-पाच वेळा उसळून कुठल्या कुठे जाते. जाड कापडावर तिची बहुतेक ऊर्जा पहिल्याच आपटण्यात जिरते. जुन्या पद्धतीच्या घड्याळजींच्या टेबलाला पुढे एक कापडी झोळी असते, ती याचसाठी. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातला केर धुवून त्यातून सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा एक धंदाच होता. तेव्हा बारीक तुकडे सांडणार, हे गृहीत धरून चालण्याची रीत काही नवी नाही.

सगळ्यात साधा उपाय मात्र पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीचा. दोन्ही हात आणि तो भाग मोठ्या पिशवीत घालून काम करायचे. जे उडेल ते पिशवीतच पडेल. वर्गात प्रयोग करतानाही पिशवी वापरावी. आणि स्प्रिंगचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको. ०.०१८ ज्यूल ऊर्जा हाताला जाणवतही नाही, पण खुंटीच्या टोकाएवढ्या जागेत ती डोळ्यावर आदळली तर इजा करू शकते. चष्मा असेल तर लावावा.

शोध

एवढे करूनही उडालीच, तर? पहिली गोष्ट : उठू नये, पाय हलवू नये, ऐकावे. खुंटी प्रत्येक आपटण्याला आवाज करते. दोन कानांमधल्या अंतरामुळे आवाज एका कानाला सेकंदाच्या दोन-हजारावा भाग एवढा उशिरा पोचतो आणि एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. उडालेली वस्तू पाहण्यात डोळा हरतो, पण ती कुठे पडली हे कान बऱ्यापैकी सांगतो. मग आधी स्वतःचे कपडे, मांडी आणि बाह्यांच्या घड्या तपासाव्यात.

नंतर खोलीतला दिवा बंद करून विजेरी जमिनीलगत धरावी. समजा विजेरी ९ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि ३ मिलिमीटर जाडीची खुंटी तिच्यापासून एक मीटरवर आडवी पडली आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने तिची सावली किती पडेल? जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे तिच्या जाडीच्या अकरा-बारा पट. आपण खुंटी शोधत नाही, सावली शोधतो. पौर्णिमेच्या चंद्रावरची विवरे दुर्बिणीतून फिकी दिसतात आणि अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर ती ठळक दिसतात, त्याचेही कारण हेच तिरपे ऊन.

लोहचुंबक पिशवीत घालून कोपऱ्यांतून फिरवणे हा तिसरा उपाय. पोलादी तार त्याला चिकटते. स्टेनलेस पोलादाच्या स्प्रिंगा तार ओढण्याच्या प्रक्रियेमुळे थोड्याफार चिकटतात, फॉस्फर-ब्राँझच्या मुळीच नाही.

तरीही सापडली नाही तर संभाव्यतेचे गणित मदतीला येते. समजा आवाजावरून आपला अंदाज असा : कपाटाखाली असण्याची शक्यता ५० टक्के, सतरंजीवर ३०, टेबलाच्या खणात २०. कपाटाखाली नीट पाहिले, पण तेथे अंधार आणि जळमटे, म्हणजे असलेली वस्तू सापडण्याची शक्यता ८० टक्केच. मिळाली नाही. आता? बहुतेक जण पुन्हा कपाटाखालीच डोके घालतात. हिशेब काय म्हणतो पाहा. कपाटाचे ५० मधले फक्त १० उरले, सतरंजीचे ३० आणि खणाचे २० तसेच. एकूण ६०. म्हणजे कपाट आता सहात एक, खण तिनात एक, आणि सतरंजी दोनात एक! न सापडणे हीसुद्धा माहिती असते. मे १९६८ मध्ये 'स्कॉर्पिअन' ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी अटलांटिक महासागरात बुडाली, तेव्हा समुद्राच्या तळाचे असेच चौकोन पाडून, प्रत्येकाला शक्यतेचा आकडा देऊन शोध घेतला गेला. ऑक्टोबरमध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवर ती सापडली.

'चालतंय ना?'

खुंटी काही केल्या मिळालीच नाही, तर काय होते? माणूस ती वगळून पिस्तूल जोडून पाहतो. कधी कधी ते जोडलेही जाते, चाप ओढल्यावर घोडाही पडतो. हा प्रसंग खरा धोक्याचा.

उदाहरण फायरिंग पिनच्या स्प्रिंगचे घ्या. १९११ पिस्तुलात घोडा फायरिंग पिनवर पडतो, पिन पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर आदळते. ही पिन आपल्या मार्गापेक्षा मुद्दाम थोडी आखूड ठेवलेली असते. घोडा नुसता तिला टेकलेला असेल तर तिचे टोक टोपीपर्यंत पोचत नाही. जोराचा फटका बसला तरच ती जडत्वाने उरलेले अंतर कापते, आणि लगेच एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ही स्प्रिंग सफाईत हरवली आणि तशीच राहिली, तर पिनला मागे धरून ठेवणारे काही नसते. भरलेल्या पिस्तुलाची स्लाइड वेगाने पुढे येऊन थांबते, पण पिन थांबत नाही. एस.टी.ने करकचून ब्रेक मारल्यावर उभा प्रवासी पुढे जातो तशी ती पुढे जाते. समोर काडतुसाची टोपी असते. चापाला कोणी हातही लावलेला नसताना गोळी सुटू शकते.

भरलेले पिस्तूल हातातून पडले तरी पिन अशीच पुढे धावू शकते, आणि तेव्हा जागेवर असलेली स्प्रिंगही प्रत्येक वेळी पुरी पडेल असे नाही. म्हणून कोल्ट कंपनीने १९८३ पासूनच्या आपल्या 'सीरीज ८०' पिस्तुलांत आणखी एक अडसर बसवला. चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो पिनला पुढे जाऊच देत नाही. हा अडसर म्हणजे स्लाइडच्या पोटातली एक छोटी खुंटी आणि तिच्यामागची त्याहून छोटी स्प्रिंग. रिकामे काडतूस ओढून काढणारी पट्टी त्या खुंटीला जागेवर धरून ठेवते. सफाईसाठी ही पट्टी बाहेर ओढली, की खुंटी आणि स्प्रिंग दोन्ही मोकळ्या होतात.